कोजागिरी ते त्रिपुरी : दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची छंदमंडळे

प्रथम सत्राचे मूल्यमापन आटोपून उत्तरपत्रिका तपासून झाल्या, म्हणजे दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत जे थोडे दिवस उरतात त्यांचे काय करावे, हा प्रश्न खेड्यातील शिक्षकास दरवर्षी पडतो. नवा पाठ आरंभावा तर तो सुट्टीत विसरला जाण्याची धास्ती; जुन्याची उजळणी घ्यावी तर परीक्षा होऊन गेल्यामुळे मुलांचे चित्त त्यात रमत नाही. घरोघरी सारवण व रंगकाम सुरू झालेले असते, शेतात काढणी चालू असते, आणि पटावरील संख्या व प्रत्यक्ष हजेरी यांतील अंतर दिवसेंदिवस वाढत जाते. अशा वेळी शाळेत छंदमंडळे चालवावीत, ही सूचना नवी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात इयत्ता ६ वी ते ८ वीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना असावेत असे सुचविले आहे, व आपल्या राज्यात २०२४ साली ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही सुरू करण्यात आला. खालच्या इयत्तांना शिकविणाऱ्या शिक्षकाने या दिवसांत असा काही उद्योग हाती घेतला तर त्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही.

तथापि मंडळे चालवावीत हे मान्य झाले तरी ती कशासाठी चालवावयाची, याचा विचार पुष्कळदा झालेला नसतो. चार-दोन वस्तू तयार कराव्यात, सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या मांडाव्यात, पाहुण्यांनी त्या पाहाव्यात आणि शाळेला कुलूप लागावे, असाच बहुधा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात एकच गोष्ट सांगावयाची आहे. सुट्टीपूर्वीच्या छंदमंडळाचे काम सुट्टीच्या आदल्या दिवशी संपता कामा नये. ते मुलाबरोबर घरी गेले पाहिजे आणि सुट्टीनंतर मुलाबरोबर शाळेत परत आले पाहिजे. ज्या गावांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात त्या गावांत तर या गोष्टीचे महत्त्व फारच मोठे आहे.

एक चूक व तिचा बोध

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका दोन-शिक्षकी शाळेत काम करीत असता तेथे आकाशकंदिलांचे मंडळ मोठ्या हौसेने सुरू केले होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रदर्शन भरवावयाचे व शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांस बोलवावयाचे, असा बेत होता. तोवर एकही कंदील घरी न्यावयाचा नाही असा नियम केला होता. कारण घरी नेलेला कंदील प्रदर्शनाच्या दिवशी धड परत येईल याची खात्री नव्हती. प्रदर्शन चांगले झाले. सभासदांनी वाखाणणी केली. सायंकाळी ज्याचा कंदील त्याच्या हाती देऊन झाल्यावर पाच कंदील व्हरांड्यात तसेच टांगलेले राहिले. ते करणारी मुले चार दिवस आधीच, टोळीच्या मालमोटारीतून, आईबापांबरोबर उसाच्या मुलखात निघून गेली होती. त्यांतील एका मुलीने निघण्याच्या दिवशी सकाळी शाळेत येऊन आपला कंदील मागितला होता, आणि प्रदर्शन व्हावयाचे आहे या कारणास्तव तो तिला दिला नव्हता.

ती मुलगी चैत्रात गावी परतल्यावर पुन्हा शाळेत आली नाही. कंदील दिला असता तर ती आली असती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तिच्या न येण्यामागे घरची अनेक कारणे होती. परंतु ज्या दिवशी तिने शाळेजवळ काही मागितले त्या दिवशी शाळेने तिला नियम दाखविला, ही गोष्ट खरी आहे, आणि तो नियम प्रस्तुत लेखकाने केलेला होता.

या अनुभवावरून तीन नियम पुढे पाळले गेले व ते उपयोगी पडले. पहिला असा की, मंडळात तयार झालेली वस्तू ती करणाऱ्या मुलाची असते, शाळेची नव्हे. दुसरा असा की, जे मूल आधी गाव सोडणार त्याचे काम आधी पुरे व्हावे. तिसरा असा की, प्रदर्शन भरवावयाचेच असेल तर ते सुट्टीनंतर भरवावे.

मंडळांची रचना

दोन-शिक्षकी शाळेत तीनांहून अधिक मंडळे काढू नयेत. मंडळे पुष्कळ झाली की साहित्य जमविण्यातच दिवस जातात व शिक्षकाचे लक्ष कोठेच पुरे पडत नाही. इयत्तावार मंडळे करण्याऐवजी प्रत्येक मंडळात लहानमोठी मुले एकत्र असावीत. चौथीतील मुलगा कामटी बांधतो तेव्हा पहिलीतील मूल त्याला दोरा धरून देते, आणि दोघांनाही आपण काही केले असे वाटते. कोणत्या मंडळात जावयाचे हे मुलाने ठरवावे. एका मंडळात फार गर्दी झाली तर चिठ्ठ्या टाकाव्यात.

दसरा व दिवाळीची अमावास्या यांत साधारण वीस दिवसांचे अंतर असते. त्यांतून रविवार व इतर सुट्ट्या वजा जाता शाळेचे सुमारे १२ दिवस हाती लागतात असे धरू. रोज शेवटची ४० मिनिटे मंडळांसाठी राखली तर एकूण ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास होतात. आठ तासांत पुष्कळ काम होते. मात्र पहिल्या दिवसापासून काम सुरू झाले पाहिजे. म्हणून मंडळांची नावे, सभासद व साहित्याची यादी हे सर्व घटस्थापनेच्या आठवड्यातच ठरवून टाकावे. मूल्यमापनाचे दिवस मध्येच आले तर त्या दिवशी मंडळाचे काम न घेता केवळ चंद्राची नोंद घ्यावी. तिला पाच मिनिटे पुरतात.

त्याच आठवड्यात शिक्षकाने आणखी एक यादी करावी. कोणत्या घरी मुकादमाची उचल घेतली आहे, कोणते कुटुंब केव्हा निघणार, कोणते मूल बरोबर जाणार व कोणते आजीआजोबांजवळ राहणार, हे गावात सर्वांस ठाऊक असते. शाळेस मात्र ते पुष्कळदा हजेरी गळाल्यावर कळते. ही यादी आधी हाती असली म्हणजे पुढील सर्व योजना तिच्याप्रमाणे करता येते.

कंदील मंडळ

आकाशकंदील करणे हा केवळ हस्तव्यवसाय नाही. त्यात प्राथमिक भूमितीचा एक उत्तम पाठ दडलेला आहे. समान लांबीच्या २४ कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्यांची टोके दोऱ्याने बांधून ६ चौरस करावेत. एक चौरस वर आडवा, एक खाली आडवा व उरलेले चार मधल्या घेरात एकेका कोपऱ्यावर उभे, असे धरून शेजारच्या चौरसांचे कोपरे एकमेकांस बांधीत गेले म्हणजे कंदिलाचा सांगाडा उभा राहतो. तो उभा राहताच मुलांस विचारावे, “यात त्रिकोण किती दिसतात?” मुले मोजून ८ असे सांगतात. मग पुढचा प्रश्न करावा, “आपण त्रिकोणासाठी एकही कामटी घेतली नव्हती, मग हे आठ त्रिकोण आले कोठून?”

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने लगेच देऊ नये. मुलांना सांगाडा हातात घेऊन फिरवू द्यावा. प्रत्येक कामटीच्या एका बाजूस चौरस व दुसऱ्या बाजूस त्रिकोण आहे, हे कोणाच्या तरी ध्यानात येतेच. त्रिकोणास तीन कामट्या लागतात, म्हणून २४ भागिले ३ बरोबर ८. त्याचप्रमाणे सहा चौरसांचे मिळून २४ कोपरे, व दोन-दोन कोपरे एकत्र बांधले म्हणून गाठी १२. भागाकाराचे हे उदाहरण मुलांनी स्वतःच्या हाताने बांधलेले असते, त्यामुळे ते त्यांच्या लक्षात राहते.

आणखी एक प्रयोग येथे करून पाहावा. चार कामट्यांचा सुटा चौरस दोन कोपऱ्यांशी दाबला तर तो तिरपा होतो. तीन कामट्यांचा त्रिकोण मात्र दाबूनही आकार सोडत नाही. घराच्या छपराच्या कैचीत त्रिकोण का असतो हे यावरून मुलांस सांगता येईल. कंदिलाच्या वरच्या चौरसात कर्णावर एक जास्तीची कामटी बांधावी, म्हणजे तो चौरस तिरपा होत नाही आणि दिवा टांगण्यासही तिचा उपयोग होतो. मधल्या चार चौरसांवर व त्रिकोणांवर कागद चिकटवावा. खळ वाळून कागद ताणला गेला की सर्व सांगाडा ताठ होतो. कामटी २० सेंटिमीटर लांबीची असेल तर चारी बाजूंस १ सेंटिमीटर दुमड धरून कागदाचा चौरस २२ सेंटिमीटरांचा कापावा लागतो, हे मुलांनीच मोजून ठरवावे. त्रिकोणाचा कागद सांगाडा कागदावर ठेवून आखता येतो.

बांबू फोडून कामट्या काढण्याचे काम मुलांवर सोपवू नये. गावात बुरूडकाम करणारे कोणी असल्यास त्यांना एक दुपार शाळेत सन्मानाने बोलवावे. ते कामटी कशी सोलतात, गाठीवर बांबू का फुटत नाही, सूप व टोपली यांची वीण कशी वेगळी असते, हे त्यांच्याकडून ऐकण्यात मुलांचे मोठे शिक्षण आहे, आणि ज्याच्या घरी तो व्यवसाय आहे त्या मुलाची मान त्या दिवशी ताठ होते. कागदी कंदिलात मेणबत्ती किंवा पणती कधीही ठेवू देऊ नये. विजेचा लहान दिवाच वापरावा, आणि तो घरातील मोठ्या माणसाने लावावा.

जे मूल लवकर निघणार आहे त्याच्यासाठी या कंदिलात एक मोठी सोय आहे. सहा चौरस बांधून झाले की ते एकावर एक रचता येतात व त्यांची जाडी एखाद्या वहीहून फार होत नाही. सहा चौरस, कर्णाची एक कामटी, गाठींसाठी बारा दोरे व कापलेले कागद एवढे एका पिशवीत घालून दिले, म्हणजे मूल जेथे जाईल तेथे कंदील उभा करू शकते. बांधण्याची रीत त्यास शाळेत एकदा करून व पुन्हा सोडून दाखवावी. पुढे कोपीच्या दाराशी कंदील लागला, तर तो लावणाऱ्या मुलाने तेथे शाळेतील शिक्षणाचाच उपयोग केला असे समजावे.

निरीक्षण मंडळ

या मंडळास साहित्य असे काहीच लागत नाही. एक लहान वही, एक पेन्सिल व सांगितलेल्या वेळी वर पाहण्याची सवय एवढे पुरे. कोजागिरी पौर्णिमेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत एक चांद्रमास होतो, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस दिवस. दिवाळीची सुट्टी नेमकी या महिन्यात येते. वहीच्या दोन पानांवर ३० चौकटी आखाव्यात. प्रत्येक चौकटीत तिथी, वेळ, चंद्राचा आकार व तो कोणत्या दिशेस दिसला, एवढीच नोंद असावी. ज्या दिवशी ढग असतील त्या दिवशी ‘ढग’ असे लिहावे. न पाहिलेला चंद्र काढू नये, हा या मंडळाचा पहिला व शेवटचा नियम आहे.

कोजागिरीस चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेस उगवतो. त्यानंतर तो दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवत जातो. वद्य अष्टमीच्या सुमारास तो मध्यरात्री उगवतो व सकाळी शाळेस येताना पश्चिमेकडील आकाशात अर्धा, फिकट असा दिसतो. दिवसा चंद्र दिसतो ही गोष्ट पुष्कळ मुलांस, क्वचित मोठ्यांसही, नवी वाटते. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येस चंद्र दिसत नाही. भाऊबीजेस किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर पश्चिमेस बारीक कोर दिसते. शुद्ध अष्टमीस सायंकाळी अर्धा चंद्र दक्षिणेकडे उंच असतो, आणि त्रिपुरीस तो पुन्हा पूर्ण होतो. तीस चौकटी भरल्या म्हणजे चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते, हे मुलाला आपल्याच नोंदीवरून काढता येते. कार्तिकी पौर्णिमेस चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या जवळपास असतो व त्यावरूनच महिन्यास कार्तिक हे नाव पडले, हेही त्या वेळी सांगावे. पौर्णिमेच्या उजेडात तो तारकांचा पुंजका नीट दिसत नाही. दोन-चार दिवसांनी, चंद्र उगवण्यापूर्वी, पूर्वेच्या आकाशात तो दाखविता येतो.

वहीच्या उरलेल्या पानांवर पक्ष्यांची नोंद ठेवावी. हिवाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे बाहेरून येणारे पक्षी दिसू लागतात. शेपटी वरखाली हलवीत पाण्याकाठी चालणारा धोबी, ज्वारीच्या उभ्या पिकावर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या, हे खेड्यातील मुलांच्या नेहमीच्या पाहण्यातले पक्षी आहेत. ते उन्हाळ्यात कोठे असतात हा प्रश्न मात्र त्यांना कोणी विचारलेला नसतो. दिवस, ठिकाण, पक्षी व संख्या असे चार रकाने पुरेत. नाव ठाऊक नसेल तर रंग व आकार लिहावा, किंवा गावातले नाव लिहावे. अरण्यवाचक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तो काही वर्षी सुट्टीत येतो, काही वर्षी सुट्टीला लागून. वही घरी असली म्हणजे दोन्ही वेळा त्याचा उपयोग होतो.

हस्तलिखित मंडळ

मराठी वाचकास दिवाळी अंकाची ओळख करून देण्याची गरज नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. शाळेतही दिवाळीचे हस्तलिखित निघते. पण त्यातील मजकूर पुष्कळदा पुस्तकातून उतरविलेला असतो, आणि अक्षर चांगले असलेल्या दोन-तीन मुलांवरच सारे काम पडते. असे न करता प्रत्येक मुलाचे एक पान असावे व त्या पानावरील मजकूर दुसऱ्या कोणाजवळ नसलेला असावा. आजीकडून ऐकलेले कोडे, भोंडल्याच्या गाण्यातील आपल्या गावचा पाठभेद, आपल्या घरी दिवाळीत काय करतात त्याची कृती, वापरातून गेलेल्या एखाद्या शेतीच्या अवजाराचे चित्र व त्याच्या भागांची नावे, असे कितीतरी विषय मुलांच्या घरीच आहेत.

सुट्टीपूर्वीच्या दिवसांत प्रत्येक मुलाचा विषय ठरवावा, पान आखून द्यावे व मजकूर कसा जमवावयाचा हे सांगावे. पान सुट्टीत लिहिले जाईल आणि सुट्टीनंतर सर्व पाने शिवून अंक होईल. अंक दिवाळीनंतर निघाला म्हणून काही बिघडत नाही. ज्या मुलांची घरे सुट्टीत किल्ला करतात त्यांनी किल्ल्याचा नकाशा काढून त्यावर तट, बुरूज, माची, बालेकिल्ला, टाके ही नावे लिहावीत. राजगडास पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आहेत, एवढे सांगितले तरी मातीच्या ढिगाऱ्याला आकार येऊ लागतो. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, त्यांत राजगड आहे, हेही मुलांस या निमित्ताने सांगता येईल.

गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी

बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीस जातात. गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो व फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो. नवराबायकोच्या जोडीस एक ‘कोयता’ असे मोजले जाते, आणि दोघेही पहाटेपासून फडात असल्यामुळे लहान भावंडे सांभाळण्यास मोठ्या मुलास, विशेषेकरून मुलीस, बरोबर नेले जाते. अशा मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे बुडते. वाचन व लेखन ही कौशल्ये दुसरी-तिसरीच्या वयात अजून पक्की झालेली नसतात. चार-पाच महिने हातात पेन्सिल आली नाही तर ती मागे पडतात. परतल्यावर मूल वर्गात बसते ते मागे पडलेले, व ओशाळलेले. त्यातूनच शाळा सुटण्याचा आरंभ होतो.

पहिला प्रयत्न अर्थातच मूल गावात राहावे असा असला पाहिजे. जेथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे तेथे पालकांशी निघण्याच्या दिवशी बोलून उपयोग नाही. वर सांगितलेली यादी हाती येताच बोलावे. मंडळाचा येथे असा उपयोग होतो की, ‘माझी वही अर्धी राहील’, ‘माझे पान अंकात यावयाचे आहे’, असे म्हणण्यास मुलालाही काही कारण मिळते. शिक्षकाच्या दहा शब्दांहून मुलाचा एक हट्ट कित्येकदा अधिक काम करतो.

तरीही जे मूल जाणार ते जाईल. त्याला रिकाम्या हाताने जाऊ देऊ नये. स्थलांतर करणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते वेळेवर द्यावे व त्याच पिशवीत मंडळाची वही घालावी. वहीच्या आतल्या पानावर शाळेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा व शिक्षकाचा फोन क्रमांक असावा. चंद्राच्या चौकटी आखलेल्या असाव्यात, पक्ष्यांचे रकाने पाडलेले असावेत, आणि हस्तलिखिताचे कोरे पान घडी करून ठेवलेले असावे. त्या पानाचा विषय ‘फडातील शब्द’ असा द्यावा. मोळी म्हणजे काय, वाढे कशास म्हणतात व त्यांचे काय करतात, कोपी कशी बांधतात, टोळी, खेप, मुकादम या शब्दांचा तेथे काय अर्थ आहे, हे गावात राहिलेली मुले लिहू शकत नाहीत. जे मूल शाळेस मुकणार तेच अंकास असे काही देते की जे दुसऱ्या कोणाजवळ नाही. ही दयेची सोय नव्हे. संपादक म्हणून केलेली खरी मागणी आहे, आणि मुलास ती तशीच वाटली पाहिजे.

आठवड्यातून एकदा पालकाच्या किंवा मुकादमाच्या फोनवरून वहीच्या पानाचे छायाचित्र आले तर उत्तम. शिक्षकाने त्यास दोन ओळींचे उत्तर अवश्य द्यावे. उत्तरात चुकांची दुरुस्ती नसावी. ‘आमच्याकडे त्या रात्री ढग होते, तुझ्या वहीवरून आम्ही चंद्र पाहिला’ एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, हा विचार आपल्या प्रांतात जुना आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखावयाची असल्यामुळे आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून ताराबाईंनी कुरणशाळेची कल्पना अमलात आणली. गुरे चरत असता शिक्षक कुरणावर जाई, आणि तेथील दगड, पाने, पक्षी हेच शिक्षणाचे साहित्य होई. आपल्यास दूरच्या फडावर जाता येत नाही हे खरे. पण वही जाऊ शकते.

ज्या शाळेच्या परिसरात अशी मुले येतात त्या शाळेसाठी

उसाच्या मुलखातील शिक्षकबंधु-भगिनींसही एक विनंती आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्यान्वये वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलासही प्रवेश नाकारता येत नाही, व कागदपत्रांच्या अभावी त्यास थांबवून ठेवता येत नाही. हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु प्रवेश देणे व वर्गात जागा देणे या दोन गोष्टी आहेत. आपल्या गावाबाहेर कोप्या पडल्या की एक सायंकाळ तेथे जाऊन यावे. मूल शाळेत आले तर त्याच्या पिशवीत वही आहे काय ते विचारावे व ती वर्गास दाखवावी. आपल्या शाळेतील निरीक्षण मंडळात त्यास तत्काळ घ्यावे. पाठ मागेपुढे झालेले असतील, पुस्तकातील धडा वेगळा चालू असेल. चंद्र मात्र दोन्ही गावांत त्याच तिथीचा असतो, आणि नव्या मुलास पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीने काही सांगता येते.

सुट्टीनंतरचा पहिला आठवडा

शाळा उघडताच पहिले दोन दिवस मंडळांस द्यावेत. वह्या पाहाव्यात, चंद्राच्या चौकटी एकमेकांशी ताडून पाहाव्यात, कंदील परत आणून मांडावेत. काही फाटलेले येतील, काही येणारच नाहीत. त्याबद्दल बोल लावू नये. फाटलेला कंदील वापरला गेला, हीच त्याची परीक्षा. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्याकडून त्रिपुरीपर्यंतचे उरलेले दिवस भरून घ्यावेत. हस्तलिखित शिवताना बाहेरगावी गेलेल्या मुलांची पाने यावयाची आहेत हे लक्षात ठेवून तेवढी कोरी पाने अंकात जागेवर घालावीत व त्यांवर मुलांची नावे लिहावीत. ती पाने चैत्रात भरली तरी चालतील. गावात उरलेल्या मुलांस ती रोज दिसतात, आणि आपल्यातील कोणी बाहेर आहे व ते परत यावयाचे आहे, हे कोणी न सांगता त्यांच्या मनावर ठसते.

हे सर्व करण्यास फार खर्च येत नाही. बांबू, कागद, दोरा, काही वह्या व शिक्षकाचा थोडा अधिक वेळ, एवढेच त्यास लागते. याने स्थलांतर थांबणार नाही. त्याची कारणे शाळेच्या कुंपणाबाहेर आहेत आणि ती दूर करणे एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. परंतु चैत्रात टोळी गावी उतरते त्या सायंकाळी एखाद्या मुलाच्या पिशवीत मळलेली, धुराचा वास येणारी वही असावी, आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन शाळेच्या दारात येण्यास त्यास संकोच वाटू नये, एवढे आपल्या हाती आहे. त्याची तयारी आपणास दसऱ्यापूर्वीच करावयाची आहे, आणि निघण्याच्या दिवशी जे मूल आपला कंदील मागावयास येईल त्याच्या हाती तो द्यावयाचा आहे.